निळा खटका

बॉबलिंगेन या जर्मन गावातल्या आमच्या घरामागे रस्ता संपत असे आणि जंगल सुरू होत असे. पहिली दोन वर्षे मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिले. दुहेरी काचेपलीकडे झाडे वाऱ्याने हेलावत आणि त्यांचा आवाज आत पोहोचत नसे. पुण्यात मी कविता शिकवीत होते. इथे बेकरीतल्या बाईशीसुद्धा माझ्या वतीने नवरा बोलत असे.

तिसऱ्या वसंतात त्या जंगलात सायकलने जायचे मी ठरवले. सायकलच्या दुकानातल्या बाईने, जिची बोटे ग्रीसने काळी झाली होती, दोन सायकली पुढे काढल्या. एक हार्डटेल: स्प्रिंग फक्त पुढच्या चाकाला, मागचा सांगाडा ताठ. दुसरी फुल सस्पेन्शन: दोन्ही चाकांना स्प्रिंग. माझे ओळखपत्र ठेवून घेत ती म्हणाली, दोन्हींवर एकेक फेरी मारून या.

फुल सस्पेन्शनखाली जंगल गालिच्यासारखे सरकले. हार्डटेलवर ते अंगात आले. मुळांच्या गाठी, ओली खडी, चाकाखाली फुटलेले सूचीपर्णीचे फळ, सारे मागच्या चाकातून कण्यात शिरले आणि कण्यातून दातांत. या देशाची जमीन मला प्रथमच मध्यस्थाशिवाय भेटत होती. परतले तेव्हा तळहात झिणझिणत होते. मोडक्या जर्मनमध्ये मी बाईला म्हणाले, "ही. हार्डटेल."

"थांब गं, अशी घाई नको," सोबत आलेला नवरा मराठीत म्हणाला; आणि बाईला जर्मनमध्ये, "आम्ही विचार करून कळवतो."

नवरा मोटारींचे शॉक अॅब्सॉर्बर आखणारा इंजिनिअर. धक्का हा त्याचा व्यवसायातला शत्रू. रविवारी चहाबरोबर त्याने एक्सेलमध्ये तक्ता मांडला: पकड, आराम, सुरक्षितता, वजन, आणि प्रत्येकाला किती महत्त्व.

"हे बघ, तुझी आवडसुद्धा धरली आहे. पाच टक्के."

"आणि?"

"आणि तरी फुल सस्पेन्शन. आकड्यांपुढे काय बोलणार?"

"अरे, पण मला खालची जमीन कळायला हवी आहे."

"कळून काय करणार? कविता?"

तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई हसल्या. तो हसला. मीही हसले. त्या हसण्याची तुरट चव अजून जिभेवर आहे.

माझ्या वाढदिवशी पार्किंगमध्ये फीत बांधलेली फुल सस्पेन्शन उभी होती. चौदा दिवसांत बदलून मिळेल, असे पावतीवर छापलेले मी वाचले आणि मनाशी सोमवार पक्का केला. तेवढ्यात सासूबाई तबक घेऊन खाली उतरल्या. नवे वाहन, पूजा हवीच. तेलात कालवलेल्या कुंकवाचे बोट त्यांनी दांडीवर टेकवले.

"अहो आई, स्वस्तिक नको! या देशात नको. श्री काढा," मी घाईने म्हणाले.

"बरं बाई. तुमच्या इथे देवालाही कायदे!"

त्यांनी श्री काढला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि म्हणाल्या, "हं, चिरड आता."

मी चिरडले. मागच्या स्प्रिंगने ते मला जाणवूही दिले नाही. वास तेवढा आला.

सोमवारी बदलण्याचा विषय काढला, तर नवरा म्हणाला, "पूजा केलेली वस्तू परत करायची? आईला काय वाटेल?" वर्षभरात एकदाही देवापुढे निरांजन न लावणारा माणूस हे म्हणाला. दांडीवरचे कुंकू पुसले, तरी पांढऱ्या रंगात त्याची गुलाबी छटा राहिली. पंधरावा दिवस आला आणि गेला.

मग मला मागच्या स्प्रिंगजवळ एक निळा खटका सापडला. चढावर मागची स्प्रिंग बंद करण्यासाठी तो असतो. मी तो बंद केला आणि पुन्हा कधी उघडला नाही. सांगाडा ताठ झाला, जमीन थोडीशी परत आली. वजन मात्र गेले नाही. हार्डटेलहून कितीतरी जड असलेली ती सायकल मी चार वर्षे प्रत्येक चढावर ओढली. घामात लोखंडाची चव येई. नवऱ्याने तळघरात तिच्याकडे कधी पाहिले नाही. त्याच्या लेखी प्रश्न सुटला होता.

त्याला फ्रँकफर्टला नोकरी लागली तेव्हा ती विकायला काढली. पाहायला आलेल्या तरुणीने खोगीर दाबले. मागचे चाक ढिम्म. नवरा गुडघ्यांवर बसला. खटका चिखलाने जाम झाला होता.

"हे बंद आहे? कधीपासून?"

"लिंबापासून."

"म्हणजे तुला हार्डटेलच हवी होती? अगं, मग सांगायचं नाहीस का?"

त्याच्या स्वरात कांगावा नव्हता, खरे दुःख होते. दुकान, तक्ता, ते हसणे, यांतले काहीच त्याला आठवत नव्हते.

त्याने पकडीने खटका उघडला. पुन्हा दाबताच खोगीर हलकेच खाली बसले. तरुणीने माझ्याकडे वळून विचारले, "चालवायला कशी आहे?" माझी जर्मन आता चांगली झाली होती. मी श्वास घेतला.

"फार आरामशीर," नवरा म्हणाला.