बुधवारी न पाहिलेला कान

समोरच्या मुलीचं नाव विचारण्याआधी त्या तिचा कान धरायच्या. दोन बोटांत पाळी पकडून अलगद पुढे वाकवायच्या आणि मागची बाजू निरखायच्या. "मागनं दाव. पुढनं समद्यांचेच चांगले दिसत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्या वाडीवर त्या दर बुधवारी यायच्या. आरोग्य केंद्राच्या नर्स. वाडी शिरूर तालुक्यातली, केंदूरपासून आत, आणि मी तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत शिक्षिका. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वाडीत त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही, सगळ्यांच्या त्या सिस्टर. मीही तेच म्हणते.

काही माणसांना खुर्ची चावते, तुम्हीही पाहिली असतील. सिस्टर चहासुद्धा उभ्याने, दारातून रस्त्याकडे बघत प्यायच्या. एक घोट घेतला की रस्त्याने जाणारी एखादी पोर दिसायची, की कप कट्ट्यावर ठेवून ह्या तिच्या मागे. मला त्यांचा राग यायचा. चहा गार व्हायचा म्हणून नाही, त्यांच्यासमोर मला बसून राहणं अवघड व्हायचं म्हणून.

कानांचंच एवढं का, तर आमच्याकडे सोनार तालुक्याला. तिथवर जाणार कोण? मग शेजारची एखादी सराईत म्हातारी गोधडीच्या सुईनेच काम उरकायची. भोक बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी नाहीतर खराट्याचा हीर घालायचा आणि वर हळद-तेल. सिस्टर तो हीर काढायच्या, जखम धुवायच्या आणि हीर आपल्या रुमालात बांधून घेऊन जायच्या. इथे टाकला तर पुन्हा कुणीतरी घालील, ही त्यांची खात्री.

कारेगावला कंपनीत जाणाऱ्या दोघी बहिणींनी एकदा एकाच सुईने एकमेकींच्या कानाला दुसरं भोक पाडलं. सिस्टरांनी दोघींना शाळेच्या ओट्यावर उभं केलं. "एकीला कावीळ आसंल तर दुसरीनं बी घ्या वाटून. रगतातनं जाती ती," म्हणाल्या, आणि रक्त तपासायला त्यांना स्वतः शिरूरला घेऊन गेल्या. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावरच्या नवरीचा कान उलटून बघितला. नवरीच्या मावशीला वाटलं, ही बाई झुबे सोन्याचे आहेत का ते तपासतेय. जेवणाच्या पंगतीपर्यंत रुसवा चालला.

हे सगळं बघितलेली मी. तरीही मी ते केलं.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. भांडगावला नणंदेच्या घरी लग्न होतं, आठ दिवसांवर. सासूबाईंनी पेटीतून मोत्याची बुगडी काढली आणि नातीच्या हातावर ठेवली. बुगडी घालतात कानाच्या वरच्या कडेला. पोर आरशासमोरून हलेना. रविवारी मी सुई मेणबत्तीवर तापवली, पदराने पुसली आणि तिचा कान टोचला. खालची पाळी मऊ असते, वरची कड कुरकुरीत लागते. सुई जाताना कच्च्या काकडीसारखा आवाज आला, तो मला ऐकू आला. मी कडुनिंबाची काडी घातली. मीच घातली.

मंगळवारी कान लाल झाला. बुधवारी सकाळी गरम आणि सुजलेला. मुलांना स्वच्छतेचा पाठ मी शिकवायची, वाडीतल्या बायकांना अडाणी म्हणायची. आता सिस्टर सगळ्या वर्गासमोर तो कान मागून बघणार होत्या. मी मुलीला घरी मागच्या खोलीत झोपवलं, बाहेरून कडी घातली आणि शाळेत गेले.

"आज आपली पोरगी दिसत न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"मामाकडे गेलीय. दौंडला."

"दौंडात कुठं? मी बी दौंडचीच की."

"स्टेशनच्या अलीकडे," मी म्हणाले आणि हजेरीचं पुस्तक उघडून बसले. त्यांनी उरलेल्या पोरींचे कान बघितले. मग गेल्या.

शनिवारी मुलीला ताप भरला. कान सुजून डोक्यापासून पुढे आला होता, हात लावू देत नव्हती. शिरूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच पुण्याला पाठवलं. तिथे समजावून सांगितलं, की पाळीत मांस असतं, ते भरून येतं. वरच्या कडेला कूर्चा असते. तिच्यात रक्त नसतं, बाहेरच्या आवरणातून तिला पोसलं जातं. मध्ये पू साचला की आवरण सुटतं आणि कूर्चा मरते. कानाला चीर देऊन पू काढला, मेलेला भाग काढला. मुलीचा ताप उतरला, पण कानाची वरची कड चुरगळून बसली. लग्न भांडगावला झालं, आम्ही पुण्याला होतो.

सिस्टर रजा काढून एसटीने भेटायला आल्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मुलीचा कान त्यांनी धरला नाही.

"बाई, चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "त्या बुधवारी हिचा कान बगायचा राह्यला. तवाच गावला आसता तर कड वाचली आसती."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं ती त्या बुधवारी कुठे होती. मी सिस्टरांना मोसंबी सोलून दिली.

त्यानंतर सिस्टर दर बुधवारी सगळ्यात आधी आमच्या घरी यायच्या. वाडीत कुणी गैरहजर असलं की घर गाठायच्या, मळ्यात जायच्या, मामाचं गाव विचारून तिथवर फेरी मारायच्या. आधीच बसत नव्हत्या, आता झोपत तरी असतील का, असं वाटायचं. मला दर बुधवारी सांगायचं असायचं. दर बुधवारी मला काहीतरी काम निघायचं. मग त्या निवृत्त होऊन दौंडला गेल्या.

मुलगी दहावी झाली, त्या सुट्टीत मी एकटीच दौंडला गेले. घर विचारत विचारत सापडलं. सुनेने दार उघडलं. सिस्टर मागच्या दिवाळीच्या आधीच वारल्या होत्या, छातीत दुखायचं निमित्त झालं. कुणी कळवावं असं माझं त्यांच्याशी नातं नव्हतं.

मी कुठली ते सांगितलं, तसा सुनेने चहा ठेवला. "तुमच्या लेकीचं नाव लई काढायच्या," ती म्हणाली. "म्हनायच्या, येवढी वर्सं नोकरी केली, एक कान माझ्या हातनं सुटला. श्येवटच्या दिवसांत बी त्येच."

"सुटला नव्हता," मी म्हणाले. "पोरगी घरातच होती. मी लपवली होती त्यांच्यापासून."

तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून बघितलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ह्ये मला सांगून काय बाई," ती म्हणाली. "त्यास्नी सांगाया पायजे व्हतं."