आपल्या चिंधीच्या अलीकडे

मार्लिस क्वाम आणि मी शाळेच्या एकाच स्वयंपाकघरात बटाटे सोलत म्हाताऱ्या होत आलो. नवऱ्याला पुरून आली त्याच आठवड्यात ती ॲप्रन बांधून कामावर हजर. पोरांनी दूध मागितलं, तिने दूध दिलं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये अशा बाईला खंबीर म्हणतात. मला त्या शब्दाची चीड येते. खंबीर कसली, बधिर झाली होती ती! भट्टीतला गरम ट्रे उघड्या हाताने उचलायची आणि ओरडायचे मी.

तिचा नवरा लायल गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर चालवायचा. मार्चमध्ये त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल, पण आशा अगदी थोडी. लायल म्हणाला, "मला घरी ने, मार्लिस. खिडकीतून शेत दिसेल असं निजव." पण त्याचा धाकटा भाऊ रोली हटून बसला. "हातपाय गाळून बसायचं होय? थोडी तर थोडी, शक्यता आहे ना!" रोली माणूस वाईट नाही, पण त्याला गप्प बसणं म्हणजे हार वाटते. मार्लिसने सही केली. लायल त्यानंतर पाच आठवडे नळ्यांमध्ये पडून राहिला आणि खिडकीपर्यंत काही आला नाही.

क्वाम घराण्यात धनुष्यबाणाने हरणं मारायची रीत पणजोबांपासूनची. ऑगस्ट सरताना सगळे लायलच्या आईच्या, अल्व्हिनाच्या, अंगणात जमतात. गवताच्या भाऱ्यावर कागदी ताटली टोचायची, तीन बाण मारायचे. तिन्ही ताटलीत बसले की मागे सरकायचं. जिथून एखादा बाहेर गेला, त्याच्या अलीकडचं अंतर त्या वर्षापुरतं तुमचं. मग रानात मचाणापासून तेवढ्याच अंतरावर झाडाला आपल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची. चिंधीपलीकडे सोन्याचं हरीण आलं तरी बाण सोडायचा नाही. अलीकडे आलं तरी ते आडवं उभं हवं, खांद्यामागची जागा मोकळी हवी. नाहीतर बाण पोटात जातो आणि ते बिचारं रात्रभर झुडपात तडफडतं.

लायलची याला स्वतःची एक पुरवणी होती. छाती धडधडत नसेल त्या दिवशी बाण भात्यातच ठेवायचा. "हात फार शांत झाला ना," तो मार्लिसला सांगायचा, "की समज, आपण हरणाचा विचार सोडलाय." मी त्याला चिडवायचे, "मग तुझं बायकोपेक्षा हरणावरच प्रेम दिसतंय." तो म्हणायचा, "बायकोला पळता येतं, पण ती पळत नाही. बाण लागलेल्या हरणाला पळूनही सुटका नाही."

या ऑगस्टमध्ये मार्लिसचा तिसरा बाण, तिच्या नेहमीच्या अंतरावरून, ताटली चुकवून सरळ गवतात गेला. तिने त्याच्याकडे शेजाऱ्याचे कपडे वाळताना बघावेत तसं बघितलं.

"पोरी, चिंधी जवळ आण," अल्व्हिना म्हणाली.

"बरं."

"आई, या वर्षी तरी सोड ना!" रोली मध्ये पडला. "लायलच्या मचाणावर बसणार आहे ती."

"लायल गेला म्हणून हरणाची कातडी जाड नाही झाली," म्हातारी म्हणाली, आणि विषय संपला.

संपला असं आम्हाला वाटलं. रोलीच्या डोक्यात डीकन बसला होता. डीकन म्हणजे लायल तीन हंगाम ज्याच्या मागे होता तो मोठ्या शिंगांचा नर. चर्चमधल्या कारभाऱ्यासारखा मान खाली घालून सावकाश यायचा, म्हणून त्याला हे नाव लायलनेच दिलेलं. रोली ज्याला त्याला सांगत सुटला होता की मार्लिसने डीकनला पाडलं की तिला रडू फुटेल, मन मोकळं होईल. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. तिच्याकडे रोज बघणं मला सोसेनासं झालं होतं.

नोव्हेंबरात, नरांनी माद्यांमागे रान तुडवायचे दिवस आले तेव्हा, एका शनिवारी ती पहाटे लायलच्या मचाणावर गेली. न्याहारीला आम्ही अल्व्हिनाकडे होतो. म्हातारी तव्यावर पॅनकेक टाकत होती, मी सॉसेज परतत होते. मार्लिस आली, धनुष्य दाराजवळच्या खुंटीला अडकवलं. भात्यात सगळे बाण होते.

"दिसला?" रोलीने विचारलं.

"दिसला."

"मग?"

"लायलच्या चिंधीच्या झाडाखाली उभा राहिला. आडवा." शाळेतला जेवणाचा फळा वाचावा तशी ती सांगत होती. "लायलच्या लाल चिंधीशेजारी माझी चिंधी होती. मी ती बरीच अलीकडे बांधली होती."

रोली कानापर्यंत लाल झाला. "मी नेऊन बांधली तिथे. अगं, ऑगस्टमध्ये तो एक बाण वाऱ्याने गेला तुझा."

"वारा नव्हता," अल्व्हिना तव्याकडे बघतच म्हणाली.

"दोरी ओढली मी," मार्लिस म्हणाली. "म्हटलं, चिंधी आहे की माझी. पण छातीत काहीच नाही. फ्रीज बंद पडल्यावर स्वयंपाकघर कसं होतं, तसं. मग दोरी हळूच परत सोडली. तो गेला."

"गेला!" रोलीने टेबलावर मूठ आपटली. "तीन वर्षं माझा भाऊ त्याच्या मागे होता! आणि तू नुसती बघत बसलीस? लागला असता! निदान शक्यता तर होती ना?"

मार्लिसने खुर्ची ओढली आणि बसली.

"शक्यता मार्चमध्येही होती, रोली."

तिने टेबलावरचे हात मांडीत घेतले.

"लायल नको म्हणत होता. तू म्हणालास बाण सोड, आणि मी सोडला. माझ्या चिंधीच्या पार पलीकडे. त्याला मरायला पाच आठवडे लागले."

आवाज चढला नाही, कापलाही नाही. रोलीला कोणीतरी हे एकदा सुनावावं असं मला महिनोन्‌महिने वाटत होतं. सुनावलं तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि एवढा धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडायला लागला. अल्व्हिना तव्यापासून दोन पावलं मागे सरली आणि तशीच उभी राहिली. पॅनकेक करपायला लागला.

धूर बघून मार्लिस उठली. नेहमीसारखाच तिने उघड्या हाताने तव्याचा लोखंडी दांडा धरला, आणि किंचाळून सोडून दिला. तवा खाली आदळला. ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

अल्व्हिनाने तिचं मनगट धरून तिला नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं.

"दुखतंय, पोरी?"

"हो," मार्लिस म्हणाली. "खूप दुखतंय, आई."