विहिरीतलं भूत
परवा जुन्नरला केस कापून झाल्यावर सलूनवाल्यानं मानेवर पावडर मारली आणि त्या वासानं मला कॉलेजातला एक मे महिना आठवला. बौद्धवाडीतला माझा मित्र मोबाइलवर भुताची फिल्म करत होता. विहिरीतून भूत वर येतं, शेतकरी त्याला घाबरत नाही, आधी जात विचारतो. ती कळल्यावर मात्र घाबरून अख्खी विहीर उपसायला लावतो, अशी त्यानं लिहिलेली गोष्ट. विहीर माझ्या चुलत्यांची मिळाली. मित्र तोंडाला पावडर फासून कमरेएवढ्या पाण्यात भूत म्हणून उभा राहिला, शेतकरी झालो मी. लाइट गेलेली होती, तेवढ्यात मोटरचं बटण दाबायचा सीन त्यानं माझ्याकडून चार वेळा करून घेतला. "किळस दिसत नाय राव तुझ्या तोंडावर," म्हणायचा. काठावर बसलेले चुलते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. लाइट आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "मोटर टाक. सगळं पाणी पडीक रानात जाऊ दे." मी म्हटलं, "आमी रोज पवतो की हिच्यात." "तुमचं येगळं," म्हणाले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी बटण दाबलं. मित्र टॉवेलनं तोंड पुसत होता. पडीक रानात पडणारं पाणी बघून त्याचा हात थांबला. अर्धं तोंड अजून पांढरंच होतं. "आता जमलं तुला," तो म्हणाला. ती फिल्म त्यानं कुणालाच दाखवली नाही. परवा सलूनवाल्यानं मागं आरसा धरून "बरंय ना?" विचारलं, आणि मी नुसती मान हलवली.