साडूंचं शिळं पाणी

गेल्या सोमवारी सकाळी, समिती यायच्या थोडं आधी, आमच्या साडूंच्या प्रयोगशाळेतली काचेची टाकी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरलेली आढळली. भरलेली टाकी पाहून मटकन खाली बसलेला छत्रपती संभाजीनगरातला हा एकमेव माणूस असावा.

साडू इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पाणी कसं वाहतं ते शिकवतात. लांबलचक टाकीत सावकाश प्रवाह सोडायचा, मधे एक गोल दांडा उभा करायचा आणि वरच्या अंगानं जांभळ्या रंगाची बारीक धार सोडायची. धार दांड्याला वळसा घालते आणि मागं एकाआड एक भोवरे गुंफत जाते. पुलाच्या खांबामागं नदीही हेच करते. पण त्यासाठी पाणी आधी बरेच दिवस थिरावावं लागतं. बुडबुडे निघून जावे लागतात. म्हणून त्या खोलीत पंखा लागत नाही, दार आपटत नाही आणि साडू चवड्यांवर चालतात. आता घरीही तसंच चालतात. चहा ढवळू देत नाहीत. "थांब, दूध कुठं चाललंय बघू दे," म्हणेपर्यंत चहा गार होतो. क्रांती चौकात वळणाऱ्या रिक्षा बघत ते एकदा इतका वेळ उभे राहिले की हवालदारानं विचारलं, "काका, कुणी हरवलंय का?" कन्नड गावच्या एका लग्नात वरणावर तूप पडताना त्यांनी वाढप्याचा हातच धरला. "हळू! भोवरा मोडेल."

मी वर्तमानपत्रात काम करतो. नळ कधी येणार, असं विचारणारे फोन मला रोज येतात. साडूंचा फोनही येतो, पण घाबऱ्या आवाजात. "साडूभाऊ, उद्या नळ नाही ना? पाईप थरथरतात हो. टाकीला कळतं ते."

या वेळी काळजी मोठी होती. टाकी काढून तिथं संगणक मांडायचं महाविद्यालयाच्या मनात होतं. सोमवारी प्रयोग बघून समिती ठरवणार होती, टाकी राहणार की भंगारात जाणार. माझी मेहुणी फोनवर म्हणाली, "दाजी, पाण्यासोबत हेही निवळायला लागलेत. जेवण सुटलंय."

रविवारी अचानक नळ आला. प्रयोगशाळेचे शिपाई चाचा समितीसाठी साफसफाई करायला सुट्टीच्या दिवशी आले होते.

"चाचा, पाणी?" सोमवारी साडूंनी एवढंच विचारलं.

"साहब, कित्ते दिन का शिळं पाणी था! पाहुण्यांना काय शिळं दाखवता? नळ आला, टाकी खंगाळून ताजं भरलं. लई मेहनत लगी."

साडूंना रागावता येईना. त्यांच्या घरीही रविवारी नळ येताच शिळं पाणी कुंड्यांना गेलं होतं.

समिती आली. मला धीरासाठी बोलावलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. धार सोडली. ती दांड्यापर्यंतही सरळ गेली नाही. वाटेतच फाटली आणि टाकीभर जांभळा गढूळपणा पसरला. दांड्याला बुडबुडे चिकटले होते. समितीतल्या बाई म्हणाल्या, "वा! किती सुंदर!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. साडू नुसते गप्प राहिले असते तरी टाकी वाचली असती.

"नाही मॅडम," साडू म्हणाले. "हे चुकलंय. पाणी अजून थिरावलं नाही. शुक्रवारी या."

"शुक्रवारचं सांगता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग याल तेव्हा या. पाणी थांबेल."

शुक्रवारी समिती आली नाही. मी मात्र गेलो. चाचा दाराशी चपला काढून चवड्यांवर आत आले. साडूंनी धार सोडली. ती सरळ गेली, दांड्याला वळली आणि मागं भोवरे पडत गेले, डावीकडं एक, उजवीकडं एक. "या अल्ला," चाचा हळूच म्हणाले. रंग टाकीच्या दुसऱ्या टोकाला विरेपर्यंत आम्ही तिघं उभे होतो.

टाकीच्या चौकटीवर आता चाचांच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं आहे: शिळे पाणी आहे. फेकू नये.

समितीचा निर्णय आज सायंकाळपर्यंत आलेला नव्हता. काल नळ येऊन गेला. टाकीतलं पाणी तेच आहे.