पिवळा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. निमगाव केतकीच्या गाडी-मिस्त्रीवर मी खोटा आळ घेतला.

माझी जुनी गाडी दर महिन्याला तापायची आणि मी वैतागून त्याच्या गॅरेजवर जायचो. तो माझ्याशी कमी, गाडीशीच जास्त बोलायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. "काय म्हातारे, आज कुठं दुखतंय?" मग मला म्हणायचा, "सर, हिला दमानं घ्या. तुमीच लई पळवताय."

एकदा कंटाळून मी पाण्याचा पाइप बारामतीत दुसऱ्याकडून बदलून घेतला. आठवड्याच्या आत तो निसटला आणि इंजिन जाम झालं. गाडी ओढत याच्याकडंच आणली आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "तुम्हीच पाइप ढिला ठेवलात!"

त्यानं बॉनेट उघडलं. पाइप आवळायला स्वतः बसवलेल्या प्रत्येक क्लॅम्पवर तो पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. या क्लॅम्पवर ठिपका नव्हता. त्यानं तिथं बोट फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवली.

"व्हय सर, माझंच चुकलं आसंल," तो म्हणाला.

त्या चौघांतला, नवी पिकअप दाखवायला आलेला डाळिंबवाला गाडी न दाखवताच निघून गेला.

मिस्त्री असं का बोलला? मला वाचवलं, की लाजवलं? की खरंच त्याला वाटलं, आपणच ठिपका द्यायचं विसरलो? मला अजून उमगत नाही. आजही तो "या सर" म्हणून स्टूल पुढं करतो.

त्या चौघांना गाठून खरं काय ते सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.