एकशे चौदा वजनाची खूण

पदनाम: तांत्रिक सहायक, श्रेणी दोन, कंत्राटी. कालावधी: अकरा महिने, आजवर सात वेळा वाढवून दिलेला. कामाचे स्वरूप: प्रोटीनांवरील फेरफार ओळखणाऱ्या चार सॉफ्टवेअरांची तुलना करून सर्वोत्तम कोणते याची शिफारस करणे. वर्तन: समाधानकारक. अंगावरील ओळखीची खूण: नाही.

फाइलीत एवढंच आहे. प्रयोगशाळेत तिला ‘वजनकाटा’ म्हणत. मास स्पेक नावाचं कपाटाएवढं यंत्र प्रोटीनच्या तुकड्यांचं वजन करतं, आणि तिची सगळी उमेदीची वर्षं त्या यंत्रासमोर गेली होती. तुकडा हवा त्यापेक्षा जड भरला, की त्याला काहीतरी चिकटलंय असं समजायचं. पाहुणा काट्यावर जोड्यांसकट उभा राहावा आणि आपण नुसत्या आकड्यावरून जोडे ओळखावेत, तसलं हे काम. ओळखतं सॉफ्टवेअर. आणि सॉफ्टवेअरांचं आपसात सख्ख्या जावांइतकं पटतं.

तीन वर्षांपूर्वी खूण सापडली होती ती तिलाच. हातातली ताकद हळूहळू जाण्याचा एक आजार; त्याच्या बावीस रुग्णांच्या रक्तात एका प्रोटीनवर एकशे चौदाचं जादा वजन. निरोगी माणसांत जवळजवळ नाहीच. जे प्रोटीन मोडीत काढायचं, त्याला शरीर एक शिक्का मारतं. प्रोटीनचे तुकडे केल्यावर त्या शिक्क्याचं उरलेलं शेपूट बरोबर एकशे चौदा भरतं. आजाराचं मूळ हाती लागलं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, लेखात छापलं. मूळ सापडलं म्हणजे औषधही आलंच, असं लेखात कुठे नव्हतं. ते घरच्यांनी धरून चाललं होतं.

घरचे म्हणजे दादा, तिचा मोठा भाऊ. नमुना क्रमांक एकोणीस. एके काळचा घड्याळजी. ज्या बोटांनी त्याने तीळभर स्क्रू बसवले, त्यांना आता चमचा पेलवत नव्हता. लेखाचं पहिलं पान घडी घालून त्याच्या शर्टाच्या खिशात असे. सकाळी शर्टाची वरची दोन बटणं ती लावायची. खालची तीन तो स्वतः लावायचा, भरपूर वेळ घेत, कुणाची मदत चालायची नाही.

“काय म्हणतेय आमची खूण?” तो रोज विचारायचा.

“आहे जागेवर.”

“तिला म्हणावं, जरा हात चालव. माझे काटे मंदावलेत.”

तुलनेतली पहिली तीन सॉफ्टवेअरं आज्ञाधारक निघाली. काय शोधायचं ते त्यांना आधी सांगायचं. एकशे चौदा म्हटलं की एकशे चौदा घेऊन हजर. चौथं जरा ठोंब्या होतं. त्याला काही न सांगता मोकळं सोडायचं, मग ते दिसेल ते जादा वजन आणून पुढ्यात ओतायचं. त्याने एकशे चौदा आणलंच, शिवाय त्याच जागांवर सत्तावन्नचा हा ढीग.

सत्तावन्नला ती चांगली ओळखत होती. यंत्रात घालण्याआधी प्रोटीनवर जे रसायन टाकतात, ते एकदा चिकटलं की सत्तावन्न भरतं. ठरावीक जागीच चिकटावं अशी अपेक्षा. पण जास्त वेळ ठेवलं तर ते भलतीकडेही चिकटतं, एकाच जागी दोनदा चिकटतं. सत्तावन्न दुणे एकशे चौदा. दशांशाच्या चार घरांपर्यंत तेच. खरी खूण कुठली आणि आपण लावलेली कुठली, हे जगातला कुठलाही काटा सांगू शकला नसता.

‘मग निरोगी लोकांत का नाही?’ तिने स्वतःशीच वाद घातला, आणि जिंकायच्या आशेने जुनी वही काढली. अक्षर तिचंच होतं. निरोगी नमुने: रसायनात अर्धा तास. रुग्णांचे नमुने: दीड तास, मोलाचे आहेत, नीट मुरू द्यावेत. कपाळावर हात मारून घ्यावा, तर हातात मोजे.

एकोणीस नंबरचे शेवटचे दोन थेंब फ्रीझरमध्ये उरले होते. वेगळ्या वजनाचं दुसरं रसायन वापरून तिने ते तयार केले, आणि चारही सॉफ्टवेअरांपुढे ठेवले. चौघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. खूण नाही.

“तुम्हाला काय विचारलं होतं?” सर म्हणाले. “कोणतं सॉफ्टवेअर जास्त शोधून देतं, एवढंच ना?”

“सर, ते जे शोधून देतात ते आपणच चिकटवलंय. मी चिकटवलंय.”

“मग चौथ्याच्या रकान्यात लिहा, कचरा फार आणतं.”

“आणि लेख?”

“लेख छापून झालाय,” सर म्हणाले, दहावं-बारावं उरकलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे. “तुलना सॉफ्टवेअरांची आहे, बाई.”

तिने सगळं परिशिष्ट ‘ड’मध्ये लिहिलं. परिशिष्ट ‘ड’ वाचणारा अजून जन्माला यायचा आहे.

घरी आल्यावर दादाने नेहमीचं विचारलं. तिने चपलाही काढल्या नव्हत्या. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वहीतल्या त्या ओळीसकट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “एक तास जास्त कशाला ठेवलंस गं?”

“त्यात तुझं होतं म्हणून.”

“हं.” त्याने मान हलवली. “घड्याळात तेल जास्त झालं की तेही बंद पडतं.” आवाजात राग नव्हता, दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचा, तसंच सांगितलं. मग खिशातलं पान काढायला गेला. बोटांना घडी धरवेना. ते तिनेच काढलं, आणि कुठे ठेवावं ते न कळून हातात धरून उभी राहिली.

अहवाल स्वीकारण्यात आला. शिफारस: पहिले सॉफ्टवेअर. मुदतवाढ: अकरा महिने, आठव्यांदा. वर्तन: समाधानकारक.

शर्टाला पाच बटणं आहेत. पाचही आता ती लावते.