साडूंचे नाक

आमच्या साडूंइतका नाकावर विसंबून जगलेला माणूस अवघ्या जालना जिल्ह्यात झाला नाही. झाला असे ज्याला वाटते त्याने माझ्यासमोर येऊन बोलावे. लग्नाच्या पंगतीत ते वरणाचा आधी वास घेत, मग मांडी घालत. अंबडच्या बाजारात ज्वारीचा कडबा घेणारे लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. पेंढीत कानापर्यंत तोंड खुपसायचे, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "आतून बुरसलाय. म्हशीला घालू नका, इकणाऱ्याला घाला."

पुढे त्यांचे हृदय निकामी झाले आणि मोठ्या शहरात दुसऱ्याचे हृदय बसवावे लागले. ते शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यायची. अशा माणसाच्या जिवावर साधी बुरशीही बेतते, तेव्हा कडब्याजवळ फिरकू नका, असे डॉक्टरांनी बजावले. मेहुणीने तर घरी येताच जाहीर केले, "पेंढीपाशी दिसलात, की दोन्ही म्हशी बाजारात!" साडूंनी निमूट मान हलवली. ते निमूटपण मला तेव्हाच खटकले होते.

वर्षभरात ताप आणि खोकला सुरू झाला. इकडच्या डॉक्टरांनी क्षय ठरवला. थुंकीत जंतू सापडेनात, तरी गोळ्या चालूच. अखेर मी भांडून त्यांना शहरात नेले. छातीच्या फोटोत गाठ दिसली.

"क्षय असेल, बुरशी असेल, प्रत्येकाचं औषध वेगळं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, कडबा हुंगलात का?"

"बिलकुल न्हाई," साडू मेहुणीकडे पाहत म्हणाले. "म्या तिकडं गेल्तोच न्हाई."

"तापाच्या आधी हे बाजारात पेंढीत तोंड घालून उभे होते," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

"साडू हाय का सरकारी वकील?"

बाईंनी फुप्फुसात दुर्बीण उतरवली, आत सोडलेले पाणी परत ओढून तपासले. बुरशीच निघाली. शिरेतून औषध सुरू झाले. त्याने अंग थडथडा कापे. पण उशीर झाला होता.

गाव म्हणते, परके काळीज मानवले नाही. साफ खोटे, ते शेवटपर्यंत चोख चालले. भावकी म्हणते, माझ्या चुगलीचा त्यांनी धसका घेतला. धसका घेतलेला माणूस दवाखान्याच्या खाटेवरून मला असे म्हणतो काय?

"साडूभाऊ, घरी नवा कडबा आलाय म्हंत्यात. हुंगून या, जल्दी."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मंग शिका. डोळे मिटा, तोंड बंद ठेवा. तुमाला जड जाईन, पण ठेवा."

मी गावी आलो. परत निघण्याआधीच ते गेल्याचा निरोप आला.

मग नव्या कडब्याच्या गंजीपुढे मी डोळे मिटले, तोंड बंद ठेवले आणि श्वास घेतला. वास चांगला होता की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही. त्याबद्दल गावाने काय वाटेल ते म्हणावे. मी वाद घालणार नाही.